घरातली मारहाण ‘घरगुती’ नाही आणि दारू सोडवणे एकट्याचे काम नाही

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. ती आपल्याला पाठ आहे. लग्नात, नामकरणात, पुण्यानुमोदनात, जयंतीच्या मंचावर ती म्हटली जाते. ती म्हणताना समोरच्या गर्दीतल्या काही बायका मान खाली घालतात आणि काही मुले एकमेकांच्या नजरा चुकवतात. आदल्या रात्री घरात काय झाले हे त्यांना ठाऊक असते. ज्याने केले तोही त्याच गर्दीत हात जोडून उभा असतो, कधी कधी तर मंचावर असतो.

आम्ही ती मुले आहोत. आज आमच्यातले कुणी शिक्षक आहेत, कुणी महापालिकेत, कुणी रिक्षा चालवतात, कुणी संघटनेचे काम करतात. काहींनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. काही जण त्यात गळ्यापर्यंत बुडाले आणि बाहेर आले, आज वर्षानुवर्षे दारूशिवाय जगत आहेत. सतरावी प्रतिज्ञा आम्हाला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. प्रतिज्ञा वदवून घेणाऱ्या संघटनांनी ती पाळायला लागणारी व्यवस्था कुठे उभी केली, हा आमचा पहिला प्रश्न. आणि ज्या घरांत उद्याचा पिणारा घडतो त्या घरांतल्या मारहाणीला ‘घरगुती मामला’ म्हणून कुणी सोडून दिले, हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात आहे.

मूल काय शिकते

पिऊन मारणाऱ्या बापाच्या घरात वाढलेले मूल लिहावाचायला शिकण्याआधी आवाज वाचायला शिकते. गल्लीच्या तोंडाशी चप्पल कशी घासली, कडी एकदा वाजली की तीनदा, खाकरणे कसे होते, यावरून आज किती झाली आहे हे त्याला कळते. विळी कुठे लपवायची, धाकट्याला कुणाच्या घरी न्यायचे, आई पडली तर आधी दिवा बंद करायचा की दार उघडायचे, हे त्याला कुणी शिकवत नाही. थोरली मुलगी दहाव्या वर्षी धाकट्यांची आई होते. सकाळी सगळे जण काल काही झालेच नाही असे वागतात. आई डोक्यावरून पदर ओढून कामावर जाते. मूल शाळेत जाते आणि गृहपाठ का नाही म्हणून तिथेही मार खाते.

या घरात मूल तीन गोष्टी शिकते. बोलायचे नाही. विश्वास ठेवायचा नाही. आणि जे वाटते ते वाटू द्यायचे नाही. मोठेपणी हे तिन्ही धडे सोबत येतात. बैठकीत कुणी आवाज चढवला की पोटात गोळा येतो. कुणी प्रेमाने वागले की यामागे काय आहे, असे वाटते. झोप लागत नाही. अशात एखाद्या मित्राच्या खोलीवर पहिला पेला पोटात जातो आणि आयुष्यात पहिल्यांदा डोक्यातला पहारेकरी खाली बसतो. बाहेरच्याला ती मौजमजा वाटते. पिणाऱ्यासाठी तो वीस वर्षांत मिळालेला पहिला निवांतपणा असतो. म्हणूनच तो पुन्हा तिकडे जातो.

ही आमची कल्पना नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात गेल्या शतकाच्या शेवटी सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारले गेले. घरात मारहाण होती का, आईला मारलेले पाहिले का, घरात कुणी पीत होते का, असे प्रश्न होते. १९९८ मध्ये पहिला निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांनी अशा चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव घेतले होते त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असे काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट होता. आणि ही माणसे झोपडपट्टीतली नव्हती. बहुतेक गोरी, विमा असलेली, बरीचशी कॉलेज शिकलेली होती. जखम जात पाहत नाही. जखमेवर उपचार मिळतो की नाही, हे मात्र जात आणि पैसा ठरवतात.

अशा घरातले प्रत्येक मूल पिणारे होते असे मुळीच नाही. बहुसंख्य होत नाहीत. पण जे होतात त्यांना ‘चारित्र्य नाही’ म्हणून मोकळे होणे हा अज्ञानाचा आणि आळसाचा मार्ग आहे.

‘झाकली मूठ राहू द्या’

हे लिहायला घेतले की पहिला सल्ला येतो तो आपल्याच माणसांकडून. घरचे बाहेर काढू नका, ते लोक टपूनच बसले आहेत, दलित वस्ती म्हणजे दारू आणि भांडणे असे ते आधीच म्हणतात, त्यांच्या हातात कोलीत देऊ नका.

ते लोक म्हणतात हे खरे आहे. पण मारहाण काय फक्त आपल्या वस्तीत आहे? ती सगळ्या जातींत आहे. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीतली किंकाळी गल्लीभर ऐकू जाते आणि बंगल्याच्या भिंती जाड असतात, एवढाच फरक. त्यांच्या बदनामीला उत्तर म्हणून आपल्या बायकांनी आणि लेकरांनी गप्प बसायचे असेल, तर समाजाच्या अब्रूची किंमत समाजातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाकडून वसूल होते. अशी वसुली कोण करत आले आहे, हे आंबेडकरी माणसाला सांगायला नको.

आणि झाकली मूठ ही आपली परंपराच नाही. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये अस्पृश्यतेची आग जशी मांडली, तसाच महारवाड्यातल्या सुनांचा छळही मांडला. ते लिखाण त्यांना वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवावे लागले होते. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’पर्यंत आपल्या आत्मकथनांनी स्वतःच्या घराची दारे स्वतः उघडली. त्याने चळवळ दुबळी झाली का? उलट, आपल्या घराबद्दल खरे बोलण्याची ताकद ज्यांच्यात आहे त्यांच्याच शब्दाला जगात वजन आले.

आता एक तुलना करून पाहू. एखाद्या बाईला गावच्या पाटलाने मारले तर अर्ध्या तासात दहा कार्यकर्ते पोलीस ठाण्यात असतात. अॅट्रॉसिटीची कलमे त्यांना तोंडपाठ असतात. हे व्हायलाच हवे. पण त्याच बाईच्या अंगावरचे वळ नवऱ्याने उठवलेले असतील तर तेच दहा जण म्हणतात, ‘ताई, घरगुती मामला आहे, समजुतीने घ्या.’ काठी तीच, पाठ तीच. काठी धरणारा हात आपला निघाला की न्यायाची व्याख्या बदलते.

‘परिस्थितीने प्यायला’

दुसरा युक्तिवाद अधिक सहानुभूतीचा असतो. बाप का प्यायला ते बघा. गिरणीत सूत तोंडाने ओढावे लागते म्हणून आपल्या माणसांना जादा पगाराच्या विणकाम खात्यात शिरू दिले जात नव्हते आणि त्याविरुद्ध बाबासाहेबांना आवाज उठवावा लागला. १९८२ च्या संपानंतर ती गिरणीही गेली. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला तो वास सहन व्हावा म्हणून आधी प्यावे लागते. नाक्यावरच्या मजुराला दिवसाची हजेरी मिळेल की नाही हे सकाळी ठाऊक नसते. दुकान वस्तीच्या तोंडाशी असते, दवाखाना तीन किलोमीटरवर. निवडणुकीत सगळ्या पक्षांच्या बाटल्या आपल्याच गल्लीत येतात.

हे सगळे खरे आहे आणि हे सतत सांगितलेच पाहिजे. दारू आपल्या वस्तीत आपोआप उगवलेली नाही. ती आणली गेली, विकली गेली आणि तिच्यावर सरकारची तिजोरी भरली गेली. महात्मा फुल्यांनी १८८० सालीच पुणे नगरपालिकेत दारूची दुकाने वाढण्याविरुद्ध पत्र लिहिले होते. सरकारचे उत्पन्न आणि गरिबाची बरबादी यांचे नाते त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

पण बाप का प्यायला याचे उत्तर आईला का मारले याचे उत्तर होत नाही. मुकादमाने त्याचा अपमान केला. त्याने मुकादमाला मारले नाही, घरी येऊन बायकोला मारले. म्हणजे कुणाला मारता येते आणि कुणाला नाही, याचा हिशेब नशेतही पक्का होता. हा हिशेब त्याला बाटलीने शिकवला नाही. बाई आपल्या मालकीची आहे हे शिकवणारी व्यवस्था मनुस्मृतीची. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. आपल्या काही घरांत ती अजून रात्री नऊनंतर लागू होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीतले आकडे डोळे उघडे ठेवून वाचावेत असे आहेत. ज्या बायकांचे नवरे वारंवार पिऊन धुंद होतात त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. म्हणजे दारू आगीत तेल ओतते यात शंका नाही. पण ज्यांचे नवरे थेंबही घेत नाहीत त्यांच्यातही हे प्रमाण सुमारे २३ टक्के आहे. त्या घरांत दोष कुणाला देणार? आग आधीपासून असते. म्हणून दारू सुटली की सगळे सुटले, हा भ्रमही सोडला पाहिजे.

बापाला समजून घ्यावे, हे आम्हाला मान्य आहे. आमच्यातल्या अनेकांनी तो प्रवास केला आहे. पण समजून घेणे हा मुलाचा स्वतःचा निर्णय असतो. तो समाजाने मुलावर लादायचा नसतो. ‘काही झाले तरी बाप आहे’ असे म्हणणाऱ्याने आधी ‘काही झाले तरी लेकरू आहे’ असे त्या बापाला सांगितले होते का?

‘कच्चा बौद्ध’

तिसरा युक्तिवाद सगळ्यात कठोर आणि सगळ्यात पोकळ आहे. खरा आंबेडकरी असेल तर सोडेल. मनाचा निश्चय पाहिजे. प्रतिज्ञा घेऊन पितो तो कच्चा बौद्ध.

ज्याला दारूची लत जडली आहे त्याच्या शरीरात आणि मेंदूत बदल झालेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात या स्थितीला आजार म्हणून जागा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात सगळे बंद केले तर काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, उलट्या होतात. काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांत भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात आणि उपचार नसतील तर जीवही जाऊ शकतो. म्हणजे जयंतीच्या मंचावर भावनेच्या भरात ‘आजपासून बंद’ अशी शपथ घ्यायला लावून त्या माणसाला एकटा घरी पाठवणे प्रसंगी जिवावर बेतू शकते. त्याला आधी डॉक्टर हवा. थरथर आणि फिट रोखणारी औषधे हवीत, जीवनसत्त्व बी-१ हवे, काही दिवस देखरेख हवी. त्यानंतर महिनोन्महिने समुपदेशन हवे आणि त्याच वाटेने गेलेल्या माणसांची सोबत हवी.

ही मदत किती जणांपर्यंत पोचते? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळाली होती. उरलेल्या ३७ जणांना काय मिळाले? शिव्या, अंगारे, देवऋषी आणि बायकोने कर्ज काढून आणलेली, जेवणात गुपचूप मिसळायची पुडी. या पुड्यांमध्ये काय असते याचा भरवसा नाही आणि काही औषधे न सांगता दिली अन् वरून दारू पोटात गेली तर माणूस दगावू शकतो. धम्म स्वीकारलेल्या समाजात देवऋषी आणि पुडी चालते आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची लाज वाटते, याला काय म्हणावे?

पाचव्या शीलाचेच घ्या. ते शिक्षापद आहे. शिक्षापद म्हणजे शिकण्याचा नियम, सरावाचा नियम. आकाशातून आलेली आज्ञा असती तर एकदा ऐकून पुरली असती. आपण पंचशील पुन्हा पुन्हा घेतो, कारण माणूस घसरतो आणि पुन्हा उभा राहतो हे बुद्धाला माहीत होते. आम्ही जे दारूतून बाहेर आलो ते असेच आलो, एकेक दिवस करत. काही जण दोन वर्षांनी पुन्हा घसरले, पुन्हा दवाखान्यात गेले, पुन्हा उभे राहिले. घसरलेल्याला विहारातून हाकलणारा माणूस पंचशील म्हणतो खरा, पण ते का म्हणायचे हे त्याला उमगलेले नाही.

मदत जिथे आहे, तिथे आपण का नाही

महाराष्ट्रात या कामाची वाट नाही असे नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणने हजारो माणसे उभी केली आणि पिणाऱ्याच्या बायकोलाही स्वतंत्र आधार लागतो, हे ओळखले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली, फी न घेणारी, नाव न विचारणारी बैठकांची पद्धत आज मराठी गावांतही पोचली आहे. या बैठका बऱ्याचदा चर्चच्या खोलीत किंवा शाळेच्या वर्गात भरतात.

आपल्या काही कार्यकर्त्यांना तिथल्या प्रार्थनेची आणि ‘उच्च शक्ती’ या शब्दाची अडचण वाटते. ही अडचण खोटी नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने देवापुढे शरण का जावे? पण त्या बैठकांत ती शक्ती कोणती मानायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. आमच्यातल्या अनेकांनी तिथे संघ मानला, धम्म मानला, समोर बसलेली दहा माणसे मानली. तेवढ्याने चालते. ज्यांना तेही नको त्यांनी स्वतःचे उभे करावे. अमेरिकेत २०१९ पासून ‘रिकव्हरी धर्मा’ नावाने बुद्धाच्या चार आर्यसत्यांवर आणि अष्टांगिक मार्गावर आधारलेल्या व्यसनमुक्तीच्या बैठका चालतात. परदेशातल्या माणसांना बुद्धाच्या वाटेत दारूवरचा इलाज सापडतो. बुद्धाला घरात आणून आपल्याला जवळपास सत्तर वर्षे होत आली. आपल्या गावात विहार आहे, मूर्ती आहे, लाऊडस्पीकर आहे. अशी एक बैठक आहे का, हे ज्याने त्याने आपल्या गावाला विचारावे.

दारूबंदीचेही असेच. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरच्या बायकांनी लढून २०१५ मध्ये ती मिळवली आणि २०२१ मध्ये सरकारने उठवली. बाटली आडवी करणाऱ्या प्रत्येक बाईपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण दुकान बंद झाले म्हणून लत बंद होत नाही. दवाखान्याशिवाय बंदी आली की लागलेला माणूस चोरट्या दारूकडे वळतो. हातभट्टी काय करते हे जून २०१५ मध्ये मालवणीत दिसले. शंभराहून अधिक माणसे गेली. मेलेले गरीब होते. दुकान बंद करण्याची मागणी आणि उपचार केंद्राची मागणी एकाच निवेदनात आली पाहिजे.

बाबासाहेबांची बाजू कोणती

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले होते की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला घालू नका. शंभर वर्षे होत आली. या सल्ल्याकडे नीट पाहा. त्यांनी बाईला सोसायला सांगितले नाही, समजुतीने घ्यायला सांगितले नाही. घरातला तिचा अधिकार वापरायला सांगितला. पुढे हिंदू कोड बिल रखडवले गेले तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. बाईच्या घरातल्या हक्कासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या नेत्याचे अनुयायी बाईच्या घरातल्या माराला ‘खाजगी बाब’ म्हणतात, तेव्हा ते कुणाचे अनुयायी असतात?

आज कायदा तिच्या हातात आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा आहे. त्यात मारणाऱ्याला घराबाहेर काढण्याचा आदेशही मिळू शकतो आणि बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. ‘आपला माणूस त्या जातीयवादी पोलिसांच्या हाती कसा द्यायचा’ ही आपल्या बायकांची भीती खरी आहे. पण या कायद्याखाली आधी गुन्हा नोंदवावा लागत नाही. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुलांसाठी बाल न्याय कायदा २०१५ चे कलम ७५ आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच छळले तर तो गुन्हा आहे, मग तो जन्मदाता का असेना. अॅट्रॉसिटीच्या शिबिरांत या दोन कायद्यांचे एक-एक सत्र ठेवायला किती खर्च येतो?

आमच्या मागण्या

पोकळ उपदेशाने भागणार नाही, म्हणून स्पष्ट सांगतो.

पहिली गोष्ट, आठवड्यातल्या एका संध्याकाळी विहाराची किल्ली द्या. भाषण नको, हार नको, फोटो नको. सोडू पाहणारे आणि सोडलेले एकत्र बसतील. दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्या बायका आणि आया बसतील. तिसऱ्या संध्याकाळी त्यांची मुले. तिथे बोललेले तिथेच राहील.

दुसरी, अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवा. वस्तीतल्या मुलाला रात्री नऊ ते अकरा या वेळेत दिव्याखाली बसायला सुरक्षित जागा मिळाली तर स्पर्धा परीक्षेपेक्षाही मोठे काम होते. तिथे एक मोठे, समंजस माणूस हजर असावे. मूल घरी जायला घाबरते हे ओळखणारे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तिथल्या भिंतीवर लिहा.

तिसरी, मारणारा पदाधिकारी पदावरून दूर करा. बायकोला किंवा मुलांना मारणारा माणूस कितीही चांगला वक्ता असो, त्याच्या हातून दीक्षा, लग्न, प्रतिज्ञा काहीही होऊ नये. पिणाऱ्याला उपचार द्या. मारणाऱ्याला मंच देऊ नका. दोन्ही एकच माणूस असेल तर दोन्ही करा.

चौथी, बाई तक्रार करायला निघाली तर संघटनेची एक ताई तिच्यासोबत जावी. १८१ हा महिलांचा, १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा क्रमांक जयंतीच्या पत्रिकेवर नेत्यांच्या फोटोंच्या जागी छापावा. पिणारी बाईही आजारीच असते. तिला दुप्पट लाज दाखवून दाराआड ढकलू नका. तिलाही त्याच बैठकीत जागा हवी.

पाचवी, जो सोडून आला त्याला काम द्या, पण देव्हाऱ्यात बसवू नका. पुष्पगुच्छ देऊन त्याचा सत्कार केला की त्याच्या बायकोला आणि मुलांना वाटते, आपल्या वीस वर्षांचे काय? दारू सोडणे ही सुरुवात असते. ज्यांना मारले त्यांच्यापुढे उभे राहणे, त्यांचा राग ऐकून घेणे, त्यांनी माफ केले नाही तरी सोडलेलेच राहणे, हे पुढचे काम आहे. त्यात त्याला सोबत लागेल. टाळ्या लागणार नाहीत.

वाचणाऱ्या पोरांना

तुमच्यातला कुणी हे रात्री मोबाइलवर, पांघरुणाखाली वाचत असेल आणि बाहेर भांडी आपटत असतील. तुझ्यामुळे हे होत नाही. तू चांगले मार्क आणलेस तरी ते थांबणार नाही आणि कमी आणलेस म्हणून ते सुरू झालेले नाही. आईला वाचवणे ही तुझ्या एकट्याची जबाबदारी नाही, ती मोठ्या माणसांची आहे. एका तरी मोठ्या माणसाला सांग. पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांग.

आणि जो कॉलेजात, नोकरीत, चळवळीत येऊन रोज संध्याकाळी बाटलीजवळ जातो आहे आणि ‘मी बापासारखा होणार नाही’ असे पिताना स्वतःला सांगतो आहे, त्याला इतकेच सांगतो की यातून बाहेर येता येते. आम्ही आलो. बाप जिथे थांबला तिथे थांबायची सक्ती नाही. बाबासाहेबांनी आपल्याला जन्माने मिळालेले नाकारायला शिकवले. जात नाकारली तशी ही वारसाहक्काने आलेली बाटली आणि ही काठीही नाकारता येते. फक्त एकट्याने नाकारायचा हट्ट धरू नकोस. दीक्षाभूमीवरही कुणी एकटे गेले नव्हते.

जय भीम.